पिशवी खाली न ठेवणाऱ्या मावशी

पत्र थोडक्यात असं : पुण्याच्या मध्यवस्तीत दुकान चालवणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका ताईंचं हे पत्र. त्यांच्या दुकानाच्या पत्र्याखाली चार महिन्यांपासून एक बाई झोपतात, वय पंचावन्न-साठ. शटर उघडायच्या आत पथारी गुंडाळून पायरी झाडून ठेवतात. चहा देता देता ओळख झाली आणि कळलं की त्यांचं सगळं आयुष्य बुधवार पेठेत, देहविक्रयाच्या वस्तीत गेलं. भाडं जमेना तेव्हा घरवालीनं (कोठ्याच्या मालकिणीनं) बाहेर काढलं. तीन आठवड्यांहून जास्त खोकला आहे. रात्री अंग खाजतं. अंगावरून पांढरं जातं, त्याला वास येतो. पाळी जाऊन सात-आठ वर्षं झाली, तरी मधूनच साडीला रक्ताचे डाग पडतात. संध्याकाळी क्वार्टर लागते, सकाळी कप धरताना हात थरथरतात. ताईंनी एकदा त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं, केसपेपरच्या रांगेत उभं केलं आणि पाण्याची बाटली आणायला गेल्या. परत येईपर्यंत मावशी गायब. "छातीशी धरलेली पिशवी घेऊन निघून गेल्या," असं ताई लिहितात. त्यांचे प्रश्न : आधी एड्सची तपासणी करून घेऊ का? पोलिसांना सांगून एखाद्या संस्थेत पाठवावं का? दारू सुटल्याशिवाय औषधांचा उपयोग आहे का? अशा बायकांना मदत हवी तरी असते का? शिवाय घरचे म्हणतात, तिची कपबशी वेगळी ठेव.

ताई,

कपबशीचं आधी संपवू. एचआयव्ही कपातून, ताटातून, संडासातून, शेजारी बसल्यानं पसरत नाही. मावशींना तो आहे की नाही हेही तुम्हाला ठाऊक नाही. त्यांच्याकडून तुम्हाला काही लागण्याची शक्यता असलीच तर ती खोकल्यातून आहे. टीबी हवेतून पसरतो, म्हणून बेडक्याचा रिपोर्ट येईपर्यंत त्यांच्याशी बोलणं बाहेर पायरीवर, उघड्यावर करा, आत बंद दुकानात नको. खोकताना तोंडावर पदर धरायला सांगा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला तुम्हाला किंवा घरात कुणालाही झाला तर तपासून घ्या. वेगळ्या कपानं यातलं काही थांबत नाही.

आता रांगेतून निघून जाण्याचं. तुम्ही त्याचा अर्थ "मदत नको" असा लावलात. तुमच्याच पत्रात तीन वेगळी कारणं सापडतात. एक, पिशवी. फुटपाथवर राहणाऱ्या बाईचं कपाट, तिजोरी आणि कागदपत्रांची फाइल सगळं त्या एका पिशवीत असतं. तपासायच्या टेबलावर झोपायचं म्हणजे ती खाली ठेवावी लागणार, आणि ती सांभाळणारं माणूस तर पाणी आणायला गेलेलं. दोन, थरथरणारे हात. रोज पिणाऱ्या माणसाला शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत कंप, घाम, मळमळ सुरू होते. सकाळी दहाच्या रांगेत त्यांची काय अवस्था असेल याचा अंदाज करा. तीन, खिडकी. नाव, वय, नवऱ्याचं नाव, पत्ता, आणि मागे वीस माणसं कान देऊन उभी. यातलं नेमकं कुठलं, हे त्यांनाच विचारा, पण "का पळालात?" असं नको. "पुढच्या वेळी काय असलं तर थांबता येईल?" असं विचारा.

आणि पुढच्या वेळेची तयारी अशी करा. पिशवी तुमच्या हातात, त्यांच्या नजरेसमोर राहील. निघताना चहा आणि काहीतरी खायला द्या. उपाशीपोटीच्या रक्ततपासणीचा हट्ट पहिल्या दिवशी नको, साखर जेवल्यानंतरही बघता येते आणि एचबीएवनसी या सरासरी साखरेच्या चाचणीला उपाशी राहावं लागत नाही. खिडकीवर पत्ता काय सांगायचा ते आधीच ठरवा. तुमची तयारी असेल तर "द्वारा" लिहून दुकानाचा पत्ता द्या. ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांचं कार्यालय असतं. रांगेत लागण्याआधी तिथे जा, बाई बेघर आहेत, कागद नाहीत, असं साधं सांगा. शुल्कमाफी आणि पुढची वाट तिथून निघते. सोमवार टाळा, ओपीडीला सर्वांत जास्त गर्दी त्या दिवशी असते.

तुमचा मुख्य प्रश्न, आधी एड्सची तपासणी का? नाही. ती करायची आहे, पण आधी नव्हे. बुधवार पेठ म्हटलं की नातेवाइकांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची नजर एकाच आजाराकडे जाते, आणि बाई दगावते ती भलत्याच कशानं तरी. तुमच्या पत्रातलं आम्हाला सगळ्यात जास्त काळजीचं वाक्य रक्ताच्या डागांचं आहे. पाळी पूर्ण थांबल्यावर वर्षभरानंतर आलेलं रक्त, मग ते एक डाग का असेना, गर्भाशयमुखाच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरचं नाही हे सिद्ध होईपर्यंत तेच समजून तपासायचं असतं. कारण साधंही निघू शकतं. या वयात योनीची त्वचा पातळ होते, कोरडी पडते आणि तिथूनही रक्त येतं. पण ते ठरवायचं काम डोळ्यांनी बघून, तुकडा तपासून होतं, अंदाजानं नाही.

इथे एक चूक हमखास होते. एखाद्या शिबिरात गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभरानं पांढरा डाग उमटतो का ते बघतात आणि "निगेटिव्ह" अशी चिठ्ठी देतात. ती चाचणी काही त्रास नसलेल्या बायकांसाठी आहे. शिवाय पाळी गेल्यावर तपासायचा भाग आत सरकतो, त्यामुळे ती भरवशाचीही राहत नाही. रक्त जात असेल तर स्पेक्युलम (योनी उघडी धरून आत बघायचं साधन) घालून तपासणी, गरज पडल्यास बायोप्सी म्हणजे तुकड्याची तपासणी आणि गर्भाशयाच्या अस्तराची जाडी बघायला सोनोग्राफी एवढं व्हायलाच हवं. म्हणून स्त्रीरोग ओपीडीत पहिलं वाक्य "पांढरं जातं" हे नको, "पाळी जाऊन आठ वर्षं झाली आणि रक्त जातंय" हे असू द्या. पांढऱ्यावर गोळ्या लिहून दिल्या जातात, दुसऱ्या वाक्यावर तपासणी होते.

ही तपासणी मावशींना सोपी जाणार नाही. ज्या बाईच्या शरीरावर वर्षानुवर्षं कुणाचाही हात पडला, तिला टेबलावर पाय फाकवून झोप म्हणणं साधं नसतं. लेडी डॉक्टर मागा. प्रत्येक पायरीला आधी सांगा, "थांबा" म्हटलं की थांबा, असं डॉक्टरांना विनवा. लहान आकाराचा स्पेक्युलम मिळतो, तो मागता येतो. आणि वासाचं एक वेगळंच कारण असू शकतं, जे फार कुणी विचारत नाही. पाळीत धंदा बंद पडू नये म्हणून आत कापूस किंवा स्पंजचा तुकडा ठेवण्याची सवय गल्लीत अनेकींना असते, आणि एखादा आत राहून जातो. मावशींची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा त्यांच्या बाबतीत हे कमी संभवतं. पण त्यांच्यापेक्षा तरुण बाईला असा वास येत असेल तर आधी हे बघायला सांगा, तुकडा काढला की निम्मा त्रास तिथेच संपतो. डेटॉलनं आतून धुणं मात्र सगळ्यांनीच बंद करायचं. आतले उपकारक जंतू त्यानं मरतात आणि वास वाढतो, मग पुन्हा धुतलं जातं.

पूर्वीचा व्यवसाय डॉक्टरांना सांगायचा की नाही, हे मावशींनी ठरवायचं, तुम्ही नाही. त्यांच्या परवानगीशिवाय तुमच्या तोंडून तो शब्द जाऊ देऊ नका. केसपेपरवर एकदा लिहिला गेला की पुढच्या प्रत्येक टेबलावर तो आधी वाचला जातो.

खोकल्याचं याच आठवड्यात करा. बेडक्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी सरकारी केंद्रात फुकट होते. एक नमुना तिथेच, दुसरा पहाटेचा. पहाटेच्या नमुन्याची डबी आदल्या संध्याकाळी मावशींच्या हातात द्या आणि नीट समजावून सांगा : चूळ भरायची, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे, मग छातीतून खाकरून काढायचं. नुसती लाळ भरलेली डबी परत येते आणि आठवडा वाया जातो. टीबी निघाला तर साधारण सहा महिने औषध. निक्षय पोषण योजनेतून महिना १००० रुपये मिळतात, पण बँक खात्यात, म्हणजे खात्याचं काम त्याच आठवड्यात सुरू करावं लागेल. टीबीची औषधं आणि दारू दोन्हींचा भार यकृतावर पडतो. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी केंद्रात न्यायचं.

एचआयव्हीची चाचणी या सगळ्यासोबत सुचवा, आणि "त्या धंद्यात होतात म्हणून" असं म्हणू नका. खोकला लांबलेल्या प्रत्येकाची ती करतात, तेवढंच कारण सांगा, ते खरंही आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. निकाल त्यांचा आहे. त्यांनी बोलावलं तरच समुपदेशकाच्या खोलीत जा. त्याच रक्तातून सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि सी बघून घ्यायला सांगा. सिफिलिसबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. झटपट पट्टीची चाचणी एकदा पॉझिटिव्ह आली की उपचारानंतरही बहुधा जन्मभर तशीच येते. म्हणून आरपीआर या सिफिलिसच्या दुसऱ्या रक्तचाचणीत प्रमाण किती आहे हे मोजल्याशिवाय पुन्हा पुन्हा इंजेक्शनं घेण्यात अर्थ नाही. आजार किती जुना ते माहीत नसेल तर पेनिसिलिनची २४ लाख युनिटची तीन इंजेक्शनं, आठवड्याला एक अशी देतात. ती दुखतात. दुसऱ्या आठवड्याला बाई येत नाही त्याचं कारण बहुतेक तेच असतं, तेव्हा आधीच सांगून ठेवा. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या दवाखान्यात) हे सगळं मोफत आहे.

एक शक्यता तुमच्या मनात आली नसावी : मावशींना एचआयव्ही असल्याचं कदाचित त्यांना आधीपासून ठाऊक असेल. पिशवीत एचआयव्हीच्या उपचारांची हिरवी पुस्तिका किंवा तीस गोळ्यांची पांढरी डबी असेल, आणि गोळ्या बंद पडल्या असतील. केंद्रात कुणीतरी ओरडेल या भीतीनं पुन्हा पाऊल उचलत नाही. पिशवी उघडू नका, आजाराचं नाव काढून विचारूही नका. "काही गोळ्या चालू होत्या का, माझ्याकडे ठेवायच्या असतील तर ठेवा," एवढं म्हणून विषय सोडा. उरलेल्या जुन्या गोळ्या स्वतःहून सुरू करायच्या नाहीत, एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे) जाऊनच. जवळचं केंद्र कुठे ते १०९७ या मोफत क्रमांकावर कळतं. टीबी आणि एचआयव्ही दोन्ही असले तर टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे एचआयव्हीच्या डोल्युटेग्रॅविरचा असर कमी होतो, म्हणून बारा तासांनी त्याची एक जादा गोळी देतात. दोन खिडक्यांवर दोन वेगळे डॉक्टर असतील तर ही गोळी राहून जाते, तेव्हा दोन्हीकडे दोन्ही पुस्तिका दाखवायच्या. रक्तवाढीच्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही उपाशीपोटी डोल्युटेग्रॅविरसोबत घ्यायच्या नाहीत, एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची असते.

दारू. "आधी सोडा, मग औषध" हा सल्ला तुम्हाला दहाजण देतील. या मावशींच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. सकाळी हात कापतात याचा अर्थ शरीराला दारूची सवय जडली आहे. अचानक बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, ताप, काहीबाही दिसणं, त्यात माणूस दगावतोसुद्धा. सोडायची तर रुग्णालयात दाखल होऊन, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि कंपाची औषधं घेत. तोवर लपवू नका, डॉक्टरांना रोजचं प्रमाण सांगा. पांढऱ्यासाठी मेट्रोनिडाझोलसारखी गोळी दिली तर त्यावर दारू घेतल्यानं काहींना उलट्या, डोकेदुखी होते आणि मग दोष गोळीवर जाऊन पाकीट गटारात पडतं. एकाच वेळी घ्यायचा डोस मिळेल का ते विचारा, तो डॉक्टरांसमोर सकाळीच घेता येतो.

पोलिसांचं. तुमचा हेतू चांगला आहे, पण मावशींच्या लेखी पोलीस म्हणजे धाड आणि गाडी. १९५६ च्या पिटा (अनैतिक व्यापार प्रतिबंधक) कायद्यात देहविक्रय हा स्वतः गुन्हा नाही, पण सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावण्याच्या कलमाखाली बायकांनाच उचललं जातं, हे त्या आयुष्यभर बघत आल्या आहेत. दुसरीकडे भीक मागण्याविरुद्धचा १९५९ चा कायदा आहे. तुम्ही मदतीसाठी फोन कराल आणि सकाळी पायरी रिकामी दिसेल. सज्ञान बाईला तिच्या मनाविरुद्ध संस्थेत ठेवायचं नसतं, हे २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही तीन महिलांच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

मग राहायचं कुठे? महापालिकेचा निवारा बघा, पण आधी तुम्ही स्वतः जाऊन या. बायकांसाठी वेगळी खोली आहे का, दिवसा बाहेर काढतात का, सामानाला कुलूप आहे का, दारूचा वास आला तर काय करतात, खरूज असलेल्यांना घेतात का. या शेवटच्या दोन कारणांवरून दार बंद होतं. महिला हेल्पलाइन १८१ वरून शक्ती सदनची, म्हणजे निराधार महिलांच्या सरकारी निवाऱ्याची चौकशी करता येते. तिसरा पर्याय ऐकून तुम्ही दचकाल : गल्ली. बुधवार पेठेत आजही त्यांच्या बरोबरीच्या कुणी असतील. धंदा सुटलेल्या अनेकजणी तिथेच स्वयंपाक, झाडलोट, पोरं सांभाळणं करून एका कॉटवर राहतात. आजारपणात कोण धावून येत असे, असं मावशींना विचारा. जे नाव निघेल ते त्यांचं माहेर समजा. "तिथून बाहेर पडल्या हे बरंच झालं" असं आपल्याला वाटतं, पण त्यांच्या दृष्टीनं त्या हाकलल्या गेल्या आहेत.

खाजेचं बहुधा खरूज आहे. डॉक्टरांनी तसं सांगितलं तर परमेथ्रिन ५ टक्के मलम रात्री मानेपासून तळव्यांपर्यंत, बोटांच्या बेचक्यात, काखेत, नखांखालीही, आणि आठ-बारा तासांनी अंघोळ. आठवड्यानं पुन्हा एकदा. पथारी गरम पाण्यात धुता येत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवसांहून जास्त ठेवायची, किडे मरतात. त्या दिवसांपुरती दुसरी चादर द्या. अंघोळीसाठी जवळच्या सुलभच्या माणसाशी महिन्याचं बोलून ठेवा, संडासासह. पैसे द्यावे लागतात म्हणून फुटपाथवरच्या बायका पाणीच कमी पितात आणि लघवीची जळजळ मागे लागते.

कागदपत्रं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आधी नको. आधार कधी काढलं होतं का ते विचारा. काढलेलं असेल आणि हरवलं असेल तर नवीन नोंदणी करू नका, ती फेटाळली जाते. केंद्रात बोटांच्या किंवा डोळ्यांच्या ठशांवरून जुनं शोधता येतं. कधीच नसेल तर १९ मे २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पत्त्याचा पुरावा लागत नाही. नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) राजपत्रित अधिकाऱ्याचं किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांचं प्रमाणपत्र चालतं, आणि कार्डावर व्यवसायाची कसलीही खूण येत नाही. वस्तीत काम करणाऱ्या संस्थेमार्फत किंवा जिल्हा एड्स नियंत्रण पथकाकडे हे करून मिळतं. त्यानंतर संजय गांधी निराधार योजना : वय ६५ च्या आत, महिना १५०० रुपये, अर्ज तहसील कार्यालयात. वेश्याव्यवसायातून मुक्त झालेल्या महिला, एचआयव्ही, टीबी, कॅन्सरचे रुग्ण असे गट त्यात आहेत. मावशींना पहिला रकाना नको असेल तर आजाराच्या रकान्यातून अर्ज करू द्या.

हे सगळं तुम्ही एकटीनं करायचं नाही. चहावाला आणि औषधाच्या दुकानातला एक असे दोघं जोडून घ्या. तुमच्याकडून खरं लागतं ते एवढंच : दुकानात एक खण. त्यात चेनची प्लॅस्टिक फाइल, गोळ्या त्यांच्या मूळ डबीत (आत ओल शोषणारी पुडी असते, कागदात काढून ठेवू नका), पत्र्याला लागून किंवा उन्हात नाही. किल्ली मागितली की लगेच उघडायचं, नाहीतर त्या पुन्हा सगळं पिशवीत भरतील. फाइलवर आजाराचं नाव लिहायचं नाही. खोकल्यातून रक्त, तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, फिट किंवा दम लागणं यातलं काही दिसलं तर १०८.

रात्री फुटपाथवर कुणी जबरदस्ती केली असं त्यांनी कधी सांगितलं, तर ७२ तासांच्या आत रुग्णालय, जितकं लवकर तितकं चांगलं. एचआयव्ही टाळणारी औषधं २८ दिवस घ्यायची असतात. सरकारी असो की खाजगी, कुठलंही रुग्णालय मोफत प्रथमोपचार नाकारू शकत नाही. तक्रार करायची की नाही हे त्या नंतरही ठरवू शकतात.

मधेच त्या चार-आठ दिवस दिसणार नाहीत. खण रिकामा करू नका. परतल्या की चहा द्या, मग डबीतल्या गोळ्या दोघींनी मिळून मोजा, चुकलेल्या दिवसांचा आकडा चिठ्ठीवर लिहा आणि पुढच्या खेपेला केंद्रात ती चिठ्ठी दाखवा.